सीट डुलते, पट्टी तुटते : दोष पट्टीचा नसतो

पावसाळ्यात वडोदऱ्याच्या रस्त्यांवर खड्डे पडले की त्यांचा हिसका दुचाकीच्या सीटखालच्या दोन-तीन पट्ट्यांना बसतो. या वेळच्या पत्रांपैकी सात पत्रं या एकाच विषयावर आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. आपली गाडी वेगळी असली तरी पहिलं उत्तर आधी वाचा. पुढच्या बऱ्याच उत्तरांचा आधार तिथे आहे.

प्रश्न : माझी १०० सीसीची मोटारसायकल बारा वर्षांची आहे. सीटच्या लोखंडी तळाला मागे ज्या दोन एल आकाराच्या पट्ट्या असतात, त्यातली डावी नेमकी वाकणात तुटली. सीट सध्या एकाच बोल्टवर आहे. वेल्डिंगवाल्याकडे न जाता घरी काही करता येईल का?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : करता येईल. नीट केलं तर ते काम वेल्डिंगइतकंच टिकेल. तोवर मागे कोणाला बसवू नका. एका बोल्टवरची सीट वळणावर आडवी सरकते आणि दुसरी पट्टीही तोडते.

आधी पट्टी का तुटली ते पाहू. सीट उलटी करा. तळाला चार किंवा सहा रबरं दिसतील, नाहीतर ती बसवायच्या रिकाम्या जागा दिसतील. बसणाऱ्याचं वजन या रबरांवरून फ्रेमवर उतरायचं असतं. पुढे टाकीच्या मागे अडकणारी जीभ आणि मागच्या दोन पट्ट्या यांचं काम सीट जागेवर धरून ठेवण्याचं आहे, वजन पेलण्याचं नाही. एक रबर गळून पडलं किंवा चेपून चपटं झालं की तो कोपरा अधांतरी राहतो, आणि प्रत्येक खड्ड्यात पट्टी पट्टीसारखी न राहता स्प्रिंगसारखी वाकते-सरळ होते. लोखंड एका धक्क्याने तुटत नाही, ते हजारो वेळा थोडं थोडं वाकून तुटतं. तुटलेली कड भिंगातून पाहिली तर अर्धा भाग काळपट, गंजलेला दिसेल आणि उरलेला चकचकीत. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. ती कित्येक महिने तिथे होती. शेवटच्या दिवशी तुटला तो फक्त चकचकीत भाग.

आता साहित्य. २५ × ३ मिमीची साध्या लोखंडाची पट्टी, साधारण १०० मिमी लांब. २ मिमी जाड पत्र्याचा ७० × ४० मिमी तुकडा. एम ६ × २० मिमीचे (६ मिमी जाड, २० मिमी लांब) ८.८ ग्रेडचे दोन बोल्ट (डोक्यावर ८.८ कोरलेलं पाहूनच घ्या), दोन नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे), दोन रुंद वायसर. सीटची सगळी रबरं नवी, फक्त गळालेलं एक नव्हे. नवं आणि चेपलेलं रबर शेजारी बसलं की सगळा भार नव्यावरच येतो. गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइड रंगाचा छोटा डबा.

सीट काढण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. काढल्यावर जुन्या चादरीवर उलटी ठेवा. न तुटलेली उजवी पट्टी हाच आपला नमुना. जाड पुठ्ठ्यावर तिचा आकार उतरवा, पण लक्षात ठेवा की डावी तिची आरशातली प्रतिमा असते, म्हणून पुठ्ठा उलटा करून वापरायचा. तळाच्या पत्र्यापासून बोल्टच्या भोकाच्या मध्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा. बाकीची मापं दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी चालतात, पण हे माप चुकून चालणार नाही.

समजा बाहेरून मोजून आडवी बाजू ६० मिमी आणि उभी ४० मिमी आहे. म्हणून १०० मिमी पट्टी कापली तर ती मोठी होईल, कारण वाकणात लोखंड गोलाईतून जातं. ३ मिमी जाडीला, आतली गोलाई ३ मिमी धरून, ९५ मिमी कापा. व्हाइसच्या जबड्याची धार तीक्ष्ण असते. तिच्यावर थेट हातोडी मारून वाकवलं तर वाकणात आतल्या बाजूला एक बारीक रेघ उमटते, आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते. त्यासाठी कड गोल घासलेला एक लोखंडी तुकडा जबड्याला लावा आणि पट्टी त्याच्यावरून वाकवा. एकदाच वाकवा. जास्त वाकली म्हणून परत सरळ, मग परत वाकडी, असं केलेली पट्टी बाजूला ठेवा आणि दुसरी कापा. लोखंडाची पट्टी स्वस्त आहे, सीटवरून पडणं स्वस्त नाही.

मागच्या बाजूने रेक्झिन वीतभर सोडवा. लोखंडी तळाला पत्र्याचेच दात वाकवून रेक्झिन अडकवलेलं असतं. ते दात बोथट स्क्रूड्रायव्हरने हळूच, लागतील तेवढेच उचला. दोन-तीनदा हलवले की मोडतात. फोम वर करून फोम आणि पत्रा यांच्यामध्ये प्लायवूडचा तुकडा सरकवा. ही पायरी वगळू नका. ड्रिलचं टोक फोमला लागलं की फोम त्याच्याभोवती गुंडाळला जातो आणि मुठीएवढा गोळा क्षणात उपटून निघतो.

जुन्या पट्टीचा तळाला चिकटलेला तुकडा तसाच राहू द्या, फक्त तुटलेली कड कानशीने सपाट करा. नवी पट्टी त्याच्यावरच बसेल. आडव्या बाजूला बाहेरच्या कोपऱ्यापासून २० आणि ४८ मिमीवर पंच मारा, आधी ३ मिमीचं आणि मग ६.५ मिमीचं भोक पाडा. हीच भोकं तळाच्या पत्र्यात आणि फोमच्या बाजूच्या ७० × ४० च्या तुकड्यात. या तुकड्याचे चारही कोपरे गोल करा आणि कडा कानशीने मारा. तळाचा पत्रा जेमतेम १ मिमी असतो. वर हा आधार न देता नुसते बोल्ट लावले तर काही महिन्यांत बोल्टाची डोकी पत्रा फाडून खाली येतात. बोल्टचं डोकं फोमकडे, नट खाली. डोक्यांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा, म्हणजे ती फोमला खात नाहीत.

उभ्या बाजूचं भोक अजून पाडायचं नाही. त्याआधी रबरं. सगळी नवी रबरं बसवा, त्यांच्या तोंडांना खडू घासा, सीट जिभेत अडकवून जागेवर ठेवा आणि एकदा मधोमध बसून उठा. सीट काढून फ्रेमकडे पाहा. जिथे खडूचा ठसा नाही, तिथे रबर टेकत नाही. त्या रबराखाली १ किंवा २ मिमी रबरी शीटचा तुकडा चिकटवा आणि परत पाहा. सगळे ठसे उमटल्यावरच सीट जागेवर ठेवून फ्रेमच्या कानातून (सीटचा बोल्ट ज्यात बसतो त्या फ्रेमवरच्या भोकाच्या तुकड्यातून) पट्टीवर भोकाची खूण करा आणि ९ मिमीचं भोक पाडा. मग पट्टीला रेड ऑक्साइडचे दोन हात. भोकाच्या आतल्या कडा आणि वाकणाची आतली बाजू विसरू नका.

बसवताना पट्टी आणि फ्रेमचा कान यांच्यात फट राहिली तर ती बोल्ट आवळून मिटवू नका. फटीएवढा वायसर घाला. आवळून ओढलेली पट्टी गाडी उभी असतानाही ताणाखालीच असते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात जाते. एम ६ बोल्ट साधारण ९ न्यूटन मीटर, सीट फ्रेमला धरणारा एम ८ साधारण २२ न्यूटन मीटर आवळा. टॉर्कचा पाना नसेल तर हा अंदाज धरा : १५ सेंमी लांबीच्या पान्याच्या टोकाला १५ किलो वजन ओढावं एवढा जोर म्हणजे सुमारे २२. नटाबाहेर बोल्टचे दोन आटे दिसले पाहिजेत, त्याहून लांब शेपूट नको. खाली बॅटरीचे टोक, वायरिंग किंवा मडगार्ड आहे का ते बोट घालून तपासा. बॅटरीच्या धन टोकाला हे शेपूट टेकलं तर शॉर्ट सर्किट होऊन सीटच पेटेल.

१०० किलोमीटरनंतर चारही बोल्ट पुन्हा तपासा. नवी रबरं थोडी बसतात, आणि सुरुवातीची आवळणी हमखास सैल पडते.

प्रश्न : सीटची मागची पट्टी दोनदा वेल्ड केली. दोन्ही वेळा वेल्डिंग शाबूत राहिलं आणि पट्टी त्याच्या शेजारी तुटली. कारागीर म्हणतो लोखंडच खराब आहे.
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : लोखंडाबद्दल सांगता येणार नाही, पण शेजारी तुटणं ही वेल्डिंगच्या जोडाची नेहमीची खोड आहे. टाका जिथे संपतो तिथे जाड आणि पातळ यांची अचानक गाठ पडते आणि वाकण्याचा सगळा जोर त्या रेषेवर येतो. त्यातच करंट जास्त असेल तर टाक्याच्या कडेला बारीक चर खणला जातो. नख फिरवलंत तर लागेल. नवी चीर त्याच चरातून निघते.

तिसऱ्या वेळी कारागिराला हे सांगा. चिरेच्या शेवटच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. चीर ग्राइंडरने व्ही आकारात खोलायची, म्हणजे वेल्ड वरवर न राहता आत उतरतं. वरून पट्टीचा तुकडा लावायचा असेल तर तो चिरेच्या दोन्ही बाजूंना २५ मिमी पुढे जावा आणि त्याची टोकं गोल असावीत. टाका पट्टीच्या कडेवर आणून संपवू नये, आणि नेमका वाकणावरून आडवा तर मुळीच घालू नये. २ मिमीच्या रॉडला ४० ते ६० अँपिअर पुरतात. तळाचा १ मिमीचा पत्रा असेल तिथे साधं रॉडचं वेल्डिंग भोकं पाडतं. तिथे सीओटू वेल्डिंग (वायूच्या आवरणात बारीक तारेने होणारं) किंवा गॅसवर पितळेचं वेल्डिंग करून घ्या. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीकडे फॅब्रिकेशनची कामं करणाऱ्यांकडे सीओटूची सोय असते.

आणि वेल्डिंगच्या आधी रेक्झिन आणि फोम पूर्ण काढून घ्या, स्वतःच्या हाताने. ओलं फडकं ठेवून ‘दोन टाके मारतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. सीटचा फोम पॉलियुरेथेनचा असतो. तो आतल्या आत धुमसतो, आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं. बंद दुकानात तो धूर जीवघेणा ठरू शकतो.

आता खरा प्रश्न, जो पत्रात नाही : रबरं किती आहेत? आणि गाडी मेन स्टँडवर घेताना हात कुठे असतो? सीटच्या मागच्या कडेला धरून गाडी मागे ओढायची सवय असेल तर रोज दोन-चार वेळा पूर्ण गाडीचं ओझं त्याच दोन पट्ट्यांवर येतं. फ्रेमला बसवलेला मागचा दांडा धरा. दोनदा वेल्ड करून ज्याचा उपाय झाला नाही, तो कदाचित एवढ्यानेच होईल.

प्रश्न : ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा गाडी सीटच्या वरपर्यंत पाण्यात होती. इंजिन तेव्हाच दुरुस्त केलं. आता सीट एका बाजूला दबते आणि खालून गंजाचे पापुद्रे पडतात. पट्टी बदलून भागेल का?
– एक वाचक, समा

उत्तर : पट्टी कशाला धरायची ते आधी पाहू. पुरातल्या गाड्यांचं इंजिन, तेल, वायरिंग सगळं पाहिलं गेलं, सीट मात्र वरून वाळली म्हणून तशीच राहिली. फोम स्पंजसारखं पाणी धरतो, आणि वरून रेक्झिन बंद असल्यामुळे ते पाणी फोम आणि पत्रा यांच्यामध्येच अडकून बसतं. गाळासकट. त्यामुळे गंज वरून खाली खात येतो, आणि खालून पापुद्रे दिसू लागतात तेव्हा आतली बाजू बरीच गेलेली असते.

रेक्झिन पूर्ण काढा. तळ तारेच्या ब्रशने घासा, डोळ्यांवर चष्मा लावून. मग जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन दर दोन सेंटिमीटरवर टोक दाबत जा, विशेषतः पट्ट्यांभोवती आणि जिभेच्या मुळाशी. टोक आत रुतलं किंवा पत्रा कागदासारखा दबला तर तिथे लोखंड उरलेलं नाही. अशा जागी बोल्टही धरत नाही आणि वेल्डही. वेल्ड करायला गेलं की कड वितळून भोक मोठं होत जातं.

पट्टीभोवतीच्या चार-पाच सेंटिमीटरच्या भागातच गंज असेल तर तेवढा भाग पक्का पत्रा लागेपर्यंत कापून काढा आणि १.५ मिमी पत्र्याचं ठिगळ लावा. ठिगळ चारही बाजूंनी २० मिमी पक्क्या पत्र्यावर आलं पाहिजे. जिभेचं मूळ गंजलं असेल किंवा दोन्ही पट्ट्यांखालचा पत्रा गेला असेल तर आमचं स्पष्ट मत : त्या तळावर पैसे आणि वेळ घालवू नका, नवा तळ किंवा पूर्ण सीट घ्या.

तळ वाचण्यासारखा असेल तर गंज रूपांतरकाचा (उरलेल्या गंजाचा पक्का थर करणाऱ्या द्रावणाचा) एक हात, डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत वाळवून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर साधा तेलरंग. तळाला पाणी निघायला जी लहान भोकं असतात, ती रंगाने बुजू देऊ नका. फोम स्वच्छ पाण्यात दाबून दाबून धुवा, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत, आणि सावलीत वाळवा. पिळू नका, फाटतो. वरून कोरडा वाटला तरी आत ओल असते. म्हणून वजन करून पाहा. दोन दिवस लागोपाठ वजन तेच आलं की वाळला. परत बसवताना फोमवर पातळ प्लॅस्टिकचा कागद घाला.

आपल्याकडचा कारागीर गुजराती असेल तर ‘गंज’ऐवजी ‘काट’ म्हणा, म्हणजे नेमकं काय काढायचं ते लगेच ध्यानात येईल.

प्रश्न : नव्या गाडीच्या सीटचा तळ प्लॅस्टिकचा आहे. बोल्टच्या भोकापासून चीर गेली आहे. एम-सील लावलं, अॅराल्डाइट लावलं, दोन्ही पापडासारखं सुटून आलं.
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : ते सुटणारच. तळाच्या आतल्या बाजूला बाणांच्या कंसात कोरलेली अक्षरं शोधा. बहुतेक ‘पीपी’ असेल, पुढे कदाचित ‘टी २०’ सारखं काही. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, टी २० म्हणजे त्यात २० टक्के टाल्क (शंखजिऱ्याची पूड) मिसळलेलं. या प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला कोणताही साधा गोंद धरत नाही, आपली दुधाची पिशवी जशी फेविकॉलने चिकटत नाही तसंच. आता लावलेलं सगळं खरवडून काढा.

भरवशाचा उपाय म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये चीर दाबून धरणं. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक. वरून आणि खालून २ मिमीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, चिरेपलीकडे निदान २५ मिमी जाणाऱ्या, कोपरे गोल. एम ५ चे चार बोल्ट, रुंद वायसर, नायलॉक नट. बोल्टचं भोक चिरेपासून १० मिमीपेक्षा जवळ नको. आवळताना हात आवरा. प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू सरकतं. फार आवळलं तर पट्टीच्या कडेला नवी चीर पडते आणि काही दिवसांनी बोल्ट आपोआप सैलही होतो. वायसर फिरायचा थांबला की त्यापुढे पाव फेरा, बस.

वितळवून जोडायचं असेल तर भरण्याची काडीही पीपीचीच हवी. हे प्लॅस्टिक साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं. सोल्डरिंग आयर्नने चिरेच्या दोन्ही कडा वितळवून त्यात स्टीलची बारीक जाळी दाबायची, वरून काडी भरायची. खिडक्या उघड्या ठेवा. कडा तपकिरी झाल्या तर प्लॅस्टिक जळालं, तो भाग ठिसूळ होतो.

पण एक अपवाद. पुढची जीभ किंवा लॉकचा हूक जिथे बसतो तो भाग तुटला असेल तर यातलं काहीच करू नका, तळ बदला. मागची पट्टी सुटली तर सीट डुलते, पुढची जीभ सुटली तर ब्रेक लावताना सीट चालवणाऱ्यासकट टाकीवर येते.

प्रश्न : पट्टी स्टेनलेस स्टीलची केली तर जास्त टिकेल ना?
– एक वाचक, वाडी

उत्तर : गंजणार नाही, एवढंच. वाकण्याने येणारी चीर स्टेनलेसलाही येते, आणि घरच्या हातोडीने ते सारखं वाकवणं कठीण. ओलाव्यात त्याला टेकलेला साध्या लोखंडाचा पत्रा उलट लवकर गंजतो. बाजारात मिळणारा नेहमीचा स्टेनलेस बोल्टही ८.८ पेक्षा मऊ असतो. साधं लोखंड, दोन हात रंग, आणि दर पावसाळ्याआधी एक नजर. ॲल्युमिनियमची पट्टी मात्र लोखंडी तळाच्या ब्रॅकेटला अजिबात नको.

प्रश्न : सीटचा बोल्ट गोल गोल फिरतो, बाहेर येत नाही. आतला नट सुटला असावा. आणि दुसरा बोल्ट गंजून इतका घट्ट बसलाय की पाना घसरून डोकं गोल व्हायला लागलंय.
– एक वाचक, फतेगंज

उत्तर : गंजलेला आधी. गंजतेल टाकून रात्रभर ठेवा, सकाळी परत टाका. डोक्यावर हातोडीने सरळ चार-पाच ठोके द्या, आट्यांमधला गंज भेगाळतो आणि तेल आत शिरतं. मग सहा कोनी सॉकेट लावा. बाराकोनी रिंग पाना झिजलेल्या डोक्यावर घसरतो. पहिला झटका सोडण्याच्या नव्हे, आवळण्याच्या दिशेने, अगदी किंचित. सुटल्याचा ‘कट्’ असा आवाज आला की उलट फिरवा, अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, असं. ज्योत लावून तापवू नका. फोम वर आणि पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर आहे. बऱ्याच जपानी घाटाच्या गाड्यांवर एम ८ बोल्टचं डोकं १२ चं असतं, हार्डवेअरच्या दुकानातल्या एम ८ चं १३ चं. कोणीतरी मध्येच बोल्ट बदलला असेल आणि तुम्ही १२ च्या डोक्यावर १३ चा पाना लावत असाल, तर डोकं गोल होण्याचं कारण तेच.

फिरणाऱ्या बोल्टचा नट आत पत्र्याला वेल्ड केलेला होता, तो टाका सुटला आहे. फोम सोडवून नट व्हाइसग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) धरता आला तर उत्तम. नाही आला तर बोल्टच्या डोक्यात बरोबर मधोमध ८.५ मिमीचं ड्रिल चालवा, डोकं अंगठीसारखं सुटून येतं. डोकं ड्रिलबरोबरच फिरायला लागलं तर बाजूने मोठ्या पकडीत धरा. नव्याने ४० × २५ × ३ मिमीच्या तुकड्याला एम ८ चा नट वेल्ड करून घ्या, आणि तो तुकडा दोन एम ५ बोल्टांनी तळाला आतून बसवा. रिव्हनट (भोकात रिव्हेटसारखा फुलवून बसवायचा नट) हाही पर्याय सांगितला जातो, एम ८ साठी ११ मिमीचं भोक लागतं. पण १ मिमी पत्र्यात तो आडव्या हिसक्यांनी परत फिरू लागतो. आम्ही तुकडाच लावू.

प्रश्न : जुन्या बुलेटला सीटचा नवा एम ८ बोल्ट तीन फेरे जातो आणि अडकतो. जोर लावून घालू का? आणि फ्रेमचा कानही थोडा फाटलाय, गाडीवरच वेल्ड करून घेतलं तर?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : जोर लावू नका. जुन्या बुलेटवर बऱ्याच ठिकाणी इंची आटे आहेत. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे एम ८ डोळ्याला तसाच दिसतो, पण आट्यांचं अंतर वेगळं. जुना बोल्ट स्वच्छ करून दहा आट्यांची लांबी मोजा. १२.५ मिमी आली तर एम ८. साधारण ११.५ आली तर बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे), इंचाला २२ आटे. ९.८ च्या आसपास आली तर सायकल आटे, इंचाला २६. जुना बोल्टच नमुना म्हणून दुकानात न्या. गुजरातीत ‘आंटा’ म्हटलं की दुकानदार गेज काढतो. फ्रेममधले आटे आधीच खराब झाले असतील तर त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हाताने फिरवा. ६.८ मिमीचं ड्रिल मारून त्यात एम ८ चे आटे पाडता येतील असं वाटेल, पण भोक आधीच त्याहून मोठं झालेलं असतं आणि नवे आटे अर्धेच उमटतात.

फ्रेमचा कान ही वेगळी गोष्ट. सीटची पट्टी घरी करा, फ्रेमचा कान घरी करू नका. तो फ्रेमच्या नळीला जोडलेला असतो, आणि वेडावाकडा टाका नळीतच चीर सुरू करतो. चांगल्या वेल्डरकडे न्या आणि त्याआधी टाकी उतरवा, नुसतं पेट्रोल काढून भागत नाही, रिकाम्या टाकीतली वाफ जास्त धोक्याची. बॅटरीचं आधी ऋण, मग धन टोक सोडा. वेल्डिंगची अर्थ क्लिप कानाच्या अगदी शेजारी लावायला सांगा. चाकाच्या आसाला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर चट्टे पडतात. एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ गाडी असेल तर ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचा) जोडही काढून ठेवा. तुमच्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला ईसीयूची काळजी नाही, पण अर्थ क्लिप कुठे लावतोय ते उभं राहून पाहा.